डोहाळे जेवणाचे खेळ : अंगणवाडीच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

यंदा वस्तीवरच्या पाच जणींचं डोहाळे जेवण अंगणवाडीत एकत्र करायचं ठरलं. दोघींचं पहिलंच आहे, दोघींना आधीचं एकेक मूल आहे, आणि एक धनगरवाड्यावरची आहे. तिच्या घरची माणसं मेंढरं घेऊन बाहेर पडलीत, ती सासूबरोबर मागं राहिली आहे.

पोषण अभियान २०१८ च्या मार्चमध्ये सुरू झालं. तेव्हापासून समुदाय आधारित कार्यक्रम म्हणून अंगणवाडीत डोहाळे जेवण होतंच. हळदीकुंकू लावतो, ओटी भरतो, लोहाच्या गोळ्यांवर मी बोलते, फोटो निघतो आणि बाई घरी जाते. तेवढ्या वेळात तिच्या तोंडून एक अख्खं वाक्यसुद्धा निघत नाही. जिच्यासाठी हे सगळं चाललंय तीच खाली मान घालून बसलेली असते. या वेळी कार्यक्रम खेळांवर उभा करायचा आहे. खेळात माणूस बोलतं, हसतं, हट्ट करतं.

प्रत्येक खेळाला मी दोन अटी लावणार आहे. गरोदर बाईला त्यात मजा आली पाहिजे, आणि घरी गेल्यावर तिच्या रोजच्या दिवसात काहीतरी हलकं झालं पाहिजे. दुसरी अट अवघड आहे, पण तिच्यासाठीच एवढी धडपड.

तारीख पौष संपल्यावरची धरू, असं थोरल्या आजींनी सांगितलं. माघ ३० जानेवारीला लागतो आणि संक्रांतीची हळदीकुंकवं ४ फेब्रुवारीच्या रथसप्तमीपर्यंत चालतात. म्हणून सोमवार, ३ फेब्रुवारी. हळदीकुंकवाच्या निमित्तानं ज्या सासवा एरवी येत नाहीत त्याही येतील.

९ जानेवारी, गुरुवार

आशाताई आणि मदतनीस मावशींबरोबर बसून कोणते खेळ नकोत ते आधी ठरवलं.

संगीत खुर्ची नको. लिंबू-चमचा गरोदर बाईंसाठी नको. डोळे बांधून काहीही नको, आठव्या महिन्यात तोल पटकन जातो. वाकून उचलायचं, फुंकर मारून फुगे फुगवायचे, उपाशीपोटी पाणीपुरी किती खाता येते बघायचं, हे सगळं बाद. गावातल्या पोरींनी मोबाइलवर परदेशातला एक खेळ दाखवला: पोटाचा घेर किती असेल याचा अंदाज करून प्रत्येकीनं तेवढी फीत कापायची, मग बाईला उभं करून फीत गुंडाळून बघायची. मला तो मुळीच आवडला नाही. पोट मोजायचं काम सिस्टरचं आहे, ते पडद्याआड होतं आणि त्याला कारण असतं. चारचौघींत उभं करून कुणाचं पोट मोजू नये.

बसायला पाठ असलेल्या खुर्च्या आणि पायाखाली पाट. सतरंजीवर मांडी घालून दोन तास बसवायचं नाही. दर अर्ध्या तासानं थांबायचं, कारण या दिवसांत लघवीला सारखं जावं लागतं आणि बाई लाजेनं सांगत नाही. शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली त्या दिवशी आपल्याकडे ठेवायची, हे मुख्याध्यापकांशी बोलून झालं. कार्यक्रम सुरू होण्याआधी प्रत्येकीच्या पोटात काहीतरी गेलेलं असावं. राजगिऱ्याचा लाडू आणि ताक पुरेल.

१३ जानेवारी, सोमवार (भोगी)

भोगीची भाजी निवडत असताना ओट्यावर विषय निघाला: पेढा की बर्फी.

दोन वाट्या झाकून ठेवायच्या, एकीत पेढा, दुसरीत बर्फी, गरोदर बाईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्यांना आवडतो, माझ्याही डोहाळे जेवणात झालाय. आजींचं म्हणणं, खेळच तो, त्यात काय एवढं? आणि खरंच, वाटी उघडण्याची ती घटकाभराची उत्सुकता दुसऱ्या कुठल्या खेळात नाही.

पण मी त्या खेळात बाईच्या चेहऱ्याकडे बघत आले आहे. पेढा निघाला की टाळ्या वाजतात. बर्फी निघाली की कुणीतरी म्हणतं, "असू दे, लक्ष्मी आली." त्या "असू दे"मध्ये सगळं येतं. आधीची मुलगी असलेली बाई वाटीकडे हात नेताना सासूकडे बघते. आमचा जिल्हा सातारा. नकोशी झालेल्या मुलींना इथं नकुशी म्हणत, आणि शाळेच्या दाखल्यावर तेच नाव लागे. २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं साताऱ्यात कार्यक्रम घेऊन अडीचशेहून जास्त नकुशींची नावं बदलली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २००१ मध्ये ९१३ होत्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला. दवाखान्यात भिंतीवर पाटी असते, इथं लिंगनिदान होत नाही. मग अंगणवाडीत मिठाईनं तरी ते का करावं?

हे सगळं मी आजींना एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. त्यांना एकच विचारलं, तुमच्या वेळी काय निघालं होतं? त्या म्हणाल्या, "चारही वेळा बर्फी." मग बराच वेळ आम्ही दोघी वाटाणे सोलत राहिलो. उठताना त्याच म्हणाल्या, वाट्या ठेव, आत दुसरं काहीतरी घाल.

१७ जानेवारी, शुक्रवार

आजींच्या सांगण्यावरून "झाकल्या वाट्या" हा खेळ तयार झाला. वाट्या तशाच, झाकणं तशीच, उत्सुकता तीच. फरक एवढाच की वाटीतून निघेल ते काम घरच्यांनी करायचं. गरोदर बाई वाटी निवडणार, उघडणार आणि ज्याच्याकडे बोट दाखवेल त्यानं सगळ्यांसमोर कबूल करायचं.

आत ठेवायच्या वस्तू:

लिंबू. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर हातात आणून द्यायची आणि पुढचा तासभर चहा द्यायचा नाही. चहामुळे लोह अंगी लागत नाही, लिंबातल्या क जीवनसत्त्वानं जास्त लागतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक अशा १८० गोळ्या असतात. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकदम नाहीत.

बाहुलीची उशी. दुपारी दोन तास झोप, डाव्या कुशीवर. त्या वेळेत तिला हाक मारायची नाही.

लहानशी कळशी. नळाचं किंवा टँकरचं पाणी आता दुसरं कुणीतरी भरेल. माण तालुक्यात ही वाटी सगळ्यात जड ठरणार, मला माहीत आहे.

खेळण्यातली गाडी. रात्री कळा सुरू झाल्या तर गाडी कुणाची, चालवणार कोण, १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत का.

खारीक. घरात कुणी बाहेरगावी गेलं की तिला आवडेल असं काहीतरी आणायचं. याला वैद्यकीय कारण काही नाही. डोहाळे पुरवायचे म्हणून.

आणि खेळ संपल्यावर पेढे आणि बर्फी एकाच ताटात, सगळ्यांना दोन्ही.

२० जानेवारी, सोमवार

आज बाहुलं शिवलं. या प्रकल्पातलं सगळ्यात मन लावून केलेलं काम हेच.

बाळ गुंडाळायची शर्यत घ्यायची आहे. प्लास्टिकची बाहुली घेतली असती तर ती पिसासारखी हलकी आणि मान ताठ. तिला गुंडाळण्यात शिकण्यासारखं काही नाही. म्हणून काकींचं जुनं विरलेलं नऊवारी घेतलं, मऊ झालेलं, आणि त्याचं बाळाच्या मापाचं बाहुलं कापलं: टाळूपासून टाचेपर्यंत हातभर लांबी, आणि त्यातला चौथा हिस्सा डोकं. नवजात बाळाचं डोकं खरंच एवढं मोठं असतं. धड शाळूच्या दाण्यांनी भरलं. डोक्यात चिंध्या आणि मूठभर दाणे, जेणेकरून ते जड लागेल. मान मुद्दाम सैल ठेवली, दोनच टाक्यांवर. उचलताना हात डोक्याखाली गेला नाही तर डोकं मागं लटकतं. बघताना धस्स होतं, आणि तेच हवं आहे.

वजनकाट्यावर ठेवून दाणे कमीजास्त करत अडीच किलोवर आणलं. २,५०० ग्रॅमच्या आत जन्मलेलं बाळ कमी वजनाचं धरतात. हा आकडा मी कित्येक वेळा सांगितलाय, पण अडीच किलो हाताला किती लागतं हे आजवर कुणाला दाखवलं नव्हतं.

शर्यत काकी घेणार. पूर्वी वस्तीवरची बाळंतपणं त्यांच्याच हातची, आता सगळ्या दवाखान्यात जातात. त्यांनी दुपटं कसं घालायचं ते मला करून दाखवलं: वरून नीट, खाली मोकळं. पाय सरळ करून आवळून बांधायचे नाहीत, बेडकासारखे दुमडलेले राहू द्यायचे, नाहीतर खुब्याचा सांधा बिघडू शकतो. त्यांच्या सासूनं पाय ताठ बांधायला शिकवलं होतं, ते त्यांनी सिस्टरशी बोलून कधीच सोडलं. ऐंशीच्या घरातल्या बाईनं नवं शिकून जुनं सोडलं, हे मला त्या दिवशी सगळ्यांना सांगायचंय.

२३ जानेवारी, गुरुवार

छोटी कामं. फुलांची वाडी माळीण वहिनी करणार: शेवंती आणि अष्टर. निशिगंध नको म्हटलं, पाचातल्या दोघींना उग्र वास सोसत नाही. मुकुट हलका हवा. झोपाळा फक्त फोटोसाठी, फळीखाली विटा लावून पक्का, पाय जमिनीला टेकलेले.

वासाचा खेळ काढायचा होता, पुडीतली वस्तू हुंगून ओळखायची: ओवा, बाळंतशेपा, डिंक, मेथी, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग. तो सासवांसाठी ठेवला. वेखंड-मुरुडशेंगेवरून बाळगुटीचा विषय निघणार हे नक्की. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही आणि गुटीही नाही, हे त्याच वेळी बोलून घ्यायचं. सहाणेवर गुटी उगाळणाऱ्या हातांत माया असते, म्हणून आजींना एकदम "बंद करा" म्हणून चालत नाही. गुटीची ती सगळी माया सहा महिने आईच्या ताटात वाढा, असं सांगणार आहे. आळिवाची खीर, डिंकाचा लाडू, बाजरीची भाकरी नि तूप.

२७ जानेवारी, सोमवार

काल झेंडावंदनानंतर ग्रामसभेत कार्यक्रमाचं निमंत्रण दिलं. पुरुषांनाही दिलं. थोडी कुजबुज झाली, पण सरपंचांनी स्वतः येतो म्हटल्यावर थांबली.

दुसरा प्रश्न आज ओट्यावर आला. काकी विधवा आहेत, बाळ गुंडाळायचा खेळ त्यांनी घ्यायला हरकत नाही, पण ओटी भरायला त्या कशा? मी हेरवाडचं उदाहरण दिलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या त्या गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. निर्णय मात्र धनगरवाड्यावरच्या पोरीनं केला. ती म्हणाली, "माझी ओटी काकींनीच भरावी. माझ्या नवऱ्याला या जगात त्यांनीच आणलंय." यावर कुणी काही बोललं नाही.

मूल नसलेल्या दोघी वहिनींनाही मी घरी जाऊन वेगळं आमंत्रण दिलं. अशा कार्यक्रमाला त्या कोपऱ्यात उभ्या राहतात किंवा येतच नाहीत. एकीला गुण लिहायला बसवणार आहे, दुसरी उखाण्यांची पंच.

३० जानेवारी, गुरुवार

रंगीत तालीम. पुरुषांच्या खेळाचं माप घ्यायचं होतं म्हणून माझ्याच घरच्यांना उभं केलं. जुन्या लुगड्याची झोळी पोटाला घट्ट बांधायची, आत पाच किलो बाजरी. बाळ, वार आणि पाणी मिळून शेवटच्या महिन्यात जवळपास एवढं होतं. सगळं धरून बाईचं वजन नऊ महिन्यांत दहा-बारा किलो वाढायला हवं. मग तीन कामं: सतरंजीवरून उठायचं, पडलेली काडेपेटी उचलायची, चपला घालायच्या. बस्. पळापळ नाही, वेळ लावायची नाही. बघणाऱ्यांना हसू येईल, पण मी सूत्रधार म्हणून कुणाची टर उडवणार नाही आणि कुणाला उडवू देणार नाही.

जे नवरे गावात नाहीत त्यांचं काय? एक नवी मुंबईत माथाडी आहे, एक तामिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात. आपल्या भागातलं घर नि घर असं बाहेर पोटाला गेलेलं. त्यांच्यासाठी फोनवर चेहरा बघून "बाबाची परीक्षा": पुढच्या तपासणीची तारीख कोणती, तिचा रक्तगट कोणता, माता बाल संरक्षण कार्ड घरात कुठं ठेवलंय, ती सध्या कशाचा वास सहन करू शकत नाही. उत्तरं बायकोनं आधी पाटीवर लिहून पालथी धरायची. दोघांनाही दुपारी तीनला सुट्टी काढून ठेवायला सांगितलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

झालं. आठवतंय तोवर लिहून ठेवते.

दुपारी दोनला ओटीनं सुरुवात. पहिली ओटी काकींनी भरली.

पहिला खेळ "डोहाळ्यांची चिठ्ठी". पाच जणींनीच नव्हे, हजर असलेल्या प्रत्येकीनं आपल्याला गरोदरपणी काय खावंसं वाटायचं ते कागदावर लिहून मडक्यात टाकायचं, नाव घालायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या कानाशी सातवीतल्या मुली बसल्या. मी एकेक वाचायची आणि बाकीच्यांनी ओळखायचं. मीठ-तिखट लावलेली बोरं. कोरडी भाकरी आणि ठेचा. माहेरच्या विहिरीचं पाणी. शिंगणापूरच्या यात्रेतली जिलबी, "पन्नास वर्षं झाली, तेव्हा मागायची सोय नव्हती." ती चिठ्ठी कुणाची हे सगळ्यांनी लगेच ओळखलं, आणि थोरल्या आजींच्या सुनेनं तिथल्या तिथं चैत्रातल्या यात्रेचं बोलणं केलं.

मग एक चिठ्ठी निघाली: पाटीवरची पेन्सिल.

कुणीतरी फिसकन हसलं. मी लगेच रघुवंशातली गोष्ट सांगितली. कालिदासाच्या त्या काव्यात दिलीप राजाची राणी सुदक्षिणा गरोदर असते आणि तिला माती खावीशी वाटते. राजा तिच्या जवळ जातो तेव्हा तिच्या तोंडाला मातीचा सुवास येत असतो, उन्हाळ्याअखेर पावसाच्या थेंबांनी भिजलेल्या रानातल्या डबक्याचा असावा तसा, आणि तो कितीही हुंगला तरी त्याचं मन भरत नाही. म्हणजे माती खावीशी वाटलेली बाई थेट रघूची आई. हशा थांबला. दुसरी गोष्ट मोर पाळणाऱ्यांच्या वस्तीतल्या बाईची, जिला चंद्र प्यायचे डोहाळे लागले. हेमचंद्राच्या जैन ग्रंथात आहे: चाणक्यानं छपराला भोक पाडलं, खाली दुधाचं ताट ठेवलं आणि त्यातला चंद्र तिला प्यायला दिला. तिचा मुलगा चंद्रगुप्त मौर्य. तेव्हा डोहाळ्यांना हसायचं नाही, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं. मग मी पुढचं बोलले: माती, पेन्सिल, भिंतीचा पोपडा, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हे पुष्कळदा अंगात रक्त कमी असल्याचं लक्षण असतं, यात लाजण्यासारखं काही नाही, सिस्टरला सांगायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना रक्तक्षय होता. चिठ्ठी कुणाची ते मी ओळखू दिलं नाही, पुढची काढली.

ताट भरायचा खेळ जोरात झाला. गरोदर बायका खुर्चीत बसून पंच, आणि त्यांच्या नणंदा-जावा पळणार. तिरंगा थाळी भरायची, पण सगळं आपल्या शिवारातलं. केशरी रंगाला गाजर आणि लाल भोपळा. पपई मुद्दाम ठेवली नव्हती, तिच्यावरून वाद होतो आणि अर्धा तास त्यात जातो. पांढऱ्याला दही, अंडं, शाळूची भाकरी. हिरव्याला हरभऱ्याचा पाला, शेवगा, मेथी. एकीनं हुलग्याचं माडगं आणून मध्ये ठेवलं आणि विचारलं, हे कुठल्या रंगात? पंचांनी एकमतानं जादा दोन गुण दिले. त्यांना पहिल्यांदाच हुकूम सोडताना बघितलं. "ताट मोठं घ्या," "अंडं सोलून द्या," "एवढ्याशा भाजीनं काय होतंय?"

बाहुल्याच्या शर्यतीत काकी मध्ये उभ्या. पहिल्या फेरीत आलेल्या एका तरुण बापाचा हात डोक्याखाली गेला नाही आणि मान लटकली. सगळी खोली एकदम "आई गं" म्हणाली. काकींनी त्याचा पंजा धरून बाहुल्याच्या मानेखाली नेऊन ठेवला आणि म्हणाल्या, "हात असा. आता जन्मभर विसरणार नाहीस." त्यांनी त्याला शर्ट बाजूला करून बाहुलं छातीशी धरायला लावलं, कांगारू पद्धतीनं. कमी वजनाच्या बाळाला अशी त्वचेची ऊब लागते आणि ती बापही देऊ शकतो. तो लाजला, पण धरून बसला. कितीतरी वेळ.

झोळीच्या खेळाला एका घरचे नाना पुढं आले, सासरे माणूस. अपेक्षा नव्हती. सतरंजीवरून उठताना त्यांनी हात टेकला, मग गुडघा, मग परत हात. काडेपेटीपाशी थांबले. लोक हसत होते, नाना नाही हसले. चपला पायात सरकवून सुनेकडे वळून म्हणाले, "रोज चुलीम्होरं अशीच उठतीस व्हय गं?" ती काही बोलली नाही, पण मान हलवली.

झाकल्या वाट्यांत कळशी निघाली ती नेमकी टँकरच्या रांगेतल्या घरची. तिनं बोट धाकट्या दिराकडे दाखवलं. तो कबूल झाला आणि सरपंचांनी साक्ष दिली. बाबाच्या परीक्षेत तामिळनाडूवाला पहिला आला: तारीख, रक्तगट, कार्ड कुठल्या पत्र्याच्या पेटीत आहे तेसुद्धा. नवी मुंबईवाल्याला रक्तगट आला नाही, त्यानं तिथंच लिहून घेतला.

उखाण्यांपैकी दोन टिपून ठेवते. पहिला तामिळनाडूवाल्याच्या बायकोचा:

हिरव्या चुड्यामागं शोभते सोन्याची पाटली,
तपासणीची तारीख रावांनी माझ्याआधी गाठली.

आणि एका सासूचा:

अंगणात लावला शेवगा, दारात लावली जाई,
भाकरी मी थापते, सूनबाई, उठायची नको घाई.

पंच वहिनींनी सासूला पहिला नंबर दिला आणि कारणही सांगितलं: सुनेसाठी घेतलेला उखाणा त्यांनी पहिल्यांदाच ऐकला.

शेवटी जेवण. शेवग्याच्या शेंगांची आमटी, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी, पुरणपोळी. पाच जणींना आधी वाढलं आणि त्यांच्या सासवा त्यांच्या शेजारी, एकाच पंगतीत. पेढे-बर्फीचं ताट आजींनी स्वतः फिरवलं, प्रत्येकीच्या हातावर दोन्ही ठेवत.

४ फेब्रुवारी, मंगळवार (रथसप्तमी)

सकाळी पोरं यायच्या आधी पेन्सिलवाली दाराशी आली. आपणहून. सिस्टर उपकेंद्रातच होत्या, तिथंच हिमोग्लोबिन तपासलं. ११ च्या बरंच खाली आहे. गोळ्या तिला मिळत होत्या, पण पोटात मळमळतं म्हणून ती घेत नव्हती आणि कुणाला सांगत नव्हती. रात्री जेवणानंतर घ्यायचं ठरलं, आणि पुढच्या आठवड्यात सिस्टर तिला तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवणार आहेत. एवढा एक खेळ झाला नसता तर हे मला बाळंतपणापर्यंत कळलं नसतं.

नानांच्या घरावरून आले. चुलीपाशी उंच ओटा नाही, पण त्यांनी शेगडी टेबलावर घेतली आहे आणि शेजारी पाठीची खुर्ची ठेवली आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुढच्या वेळी करायचे बदल: पुरुषांचा खेळ आधी घ्यायचा, कारण तीननंतर दुधाची वेळ होते आणि निम्मे उठून जातात. चिठ्ठ्यांना आणखी वेळ. वासाचा खेळ वेगळ्या दिवशी, आजींसाठीच. गुटीवरची चर्चा घाईत झाली आणि दोघी अजून पटवून घ्यायच्या आहेत. त्यांच्या घरी जाऊन बोलणार आहे, काकींना बरोबर घेऊन.

कळशीच्या वाटीचा पाठपुरावा: दीर पाणी भरतोय, आशाताईंनी बघितलं. दुपारच्या झोपेची वाटी ज्या घरी गेली तिथं अजून हाका चालू आहेत. तिथल्या सासूबाईंशी गोड बोलून बघेन, नाहीतर आजींना पाठवेन.

शेजारच्या वस्तीच्या सेविकाताईंनी बाहुलं मागितलंय, त्यांच्याकडे मार्चमध्ये तीन जणी आहेत. द्यायच्या आधी मानेचे दोन टाके पुन्हा घालायला हवेत, खूप हातांतून गेल्यानं एक उसवलाय. दाणे उन्हात वाळवून परत भरले, कडुनिंबाचा पाला घातला. मापाचा कागद बरोबर देतेय, म्हणजे त्यांना स्वतःचं शिवता येईल.